घरात दोर: काही महिन्यांनंतर काय टिकलं, काय उतरवलं

दोराची सजावट फोटोत जितकी छान दिसते तितकी ती घरात नांदते का, असा ज्यांना प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. ताग, सुती, काथ्या, घायपात (सिसल) आणि थोडा नायलॉन, एवढे दोर गेले बरेच महिने घरभर आहेत. कोरडे दिवस पाहिले, दमटही पाहिले. निकाल आधीच सांगून टाकते: ज्या दोरावर काहीतरी टांगलंय किंवा ज्याला रोज हात लागतो तो अजून देखणा आहे. जो नुसता शोभेला चिकटवला होता, त्यातला बराचसा मी उतरवलाय.

सगळ्यात जास्त समाधान दिलं ते टांगत्या फळीने. चार कोपऱ्यांना भोकं पाडलेली फळी, 10 मिमी जाडीचा सुती दोर, खाली गाठी आणि भिंतीला दोन भक्कम हुक. दिसायला सोपं प्रकरण आहे, पण नवा सुती दोर वजनाखाली ताणला जातो, आणि चारही पदर सारखे ताणले जात नाहीत. त्यामुळे पहिल्या दिवशी पातळीत असलेली फळी काही दिवसांत एका अंगाला कलते. म्हणून सुरुवातीला सुरगाठीच मारायच्या, फळीवर पुस्तकं ठेवून आठवडाभर दोराला ताणू द्यायचं, मग लेव्हल लावून पक्क्या गाठी मारायच्या. गाठीखाली वॉशर टाकला तर गाठ भोकात ओढली जात नाही. हे केल्यापासून माझी फळी जागची हललेली नाही. खिडकीजवळची दुसरी फळी मात्र दमट दिवसांत किंचित वर-खाली होते. पीळ घातलेला सुती दोर ओलावा प्यायला की जाडीला फुगतो आणि लांबीला आखडतो, त्याला इलाज नाही.

वजनाचा हिशेब करताना दोन गोष्टी धरल्या. एक म्हणजे गाठ. गाठीपाशी दोराची ताकद बरीच घटते, कधी कधी निम्म्यावर येते, त्यामुळे वेष्टनावर छापलेला आकडा जसाच्या तसा धरायचा नाही. दुसरी म्हणजे कोन. दोन्ही पदर एकाच हुकाला नेऊन त्रिकोण केला तर फळी सुरेख दिसते, पण त्रिकोण जितका पसरट तितका दोरावरचा ताण वाढतो. पदरांमधला कोन 60 अंश असेल तर प्रत्येक पदरावर त्या हुकावर येणाऱ्या वजनाच्या साधारण 58 टक्के ताण येतो. 120 अंश झाला की प्रत्येकावर अख्खं वजन. म्हणून हुक जरा उंचावर घ्यावा.

कुंड्यांच्या शिंक्यांचा अनुभव संमिश्र. तागाचं शिंकं पहिले काही आठवडे दृष्ट लागावी असं होतं, मग कुंडीचा बूड जिथे टेकतो तिथली गाठ काळी पडायला लागली. ताग पाणी भरपूर पितो, सावकाश वाळतो आणि ओला असताना कमजोर होतो. सुती दोराचं उलट आहे, ओला झाल्यावर त्याची ताकद वाढते. पण बुरशी त्यालाही सोडत नाही. घरातल्या कुंडीला बशी ठेवून सुती शिंकं आणि बाहेर काथ्याचं, ही वाटणी मला पटलीय. काथ्यात लिग्निनचं, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याचं, प्रमाण 40 टक्क्यांहून जास्त असतं, त्यामुळे तो ओलाव्याला बराच दाद देत नाही. हाताला मात्र टोचतो, गाठी मारताना हातमोजे घालावेत. प्लॅस्टिकचा दोर पाणी पीत नाही म्हणून बाहेर चालेल असं वाटतं, पण साधा पॉलिप्रॉपिलीनचा दोर उन्हात ठिसूळ होतो आणि त्याचा भुगा पडायला लागतो. शिंक्याला दोर निवडताना वजन पाणी घातल्यानंतरच्या कुंडीचं धरायचं. एक लिटर पाणी म्हणजे सरळ एक किलो वाढलं.

आता बरणी, बाटली, दिव्याचा खांब यांना गुंडाळलेली सुतळी. हे काम सुरू करायला सगळ्यात सोपं आणि माल सगळ्यात जास्त खाणारं. 10 सेंमी व्यासाच्या बरणीला 6 मिमीची दोरी गुंडाळली तर एका वेढ्याला साधारण 33 सेंमी लागते. 15 सेंमी उंची झाकायला 25 वेढे, म्हणजे आठ मीटरच्या वर दोरी. डोळ्यांच्या अंदाजाने आणली तर हमखास कमी पडते, आणि दुसऱ्या गुंडाळीचा रंग जुळेलच असं नाही. डिंकाबद्दल म्हणाल तर ग्लू गनने काम झटपट होतं, पण तो गोंद उष्णतेने मऊ पडतो. उन्हातल्या खिडकीत ठेवलेल्या बरणीचे वरचे वेढे माझ्याकडे ढिले झाले. पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली, सावलीत ठेवलेली बरणी आजही घट्ट आहे. शेवटचं टोक वरून चिकटवण्यापेक्षा शेवटच्या चार-पाच वेढ्यांखालून जाड सुईने ओढून घ्यावं आणि दोर ताणून मग कापावा. कापलेलं टोक आत सरकतं आणि शेवट कुठे झाला ते शोधूनही सापडत नाही. एवढं एक केलं तरी काम हौशी वाटत नाही.

नव्या तागाला तेलकट वास येतो. कातण्याआधी तंतू मऊ व्हावेत म्हणून त्यावर तेल-पाण्याचं मिश्रण मारतात, त्याचा तो वास. वाऱ्यावर ठेवल्यावर जातो. उन्हात ताग पिवळट पडतो, तो रंग मला आवडला. ज्यांना आवडणार नाही त्यांनी सुती घ्यावा.

आरशाच्या चौकटीवरचा दोर मी काढून टाकला. प्रत्येक पिळाच्या खाचेत धूळ बसते, ओल्या फडक्याने पुसली तर ती आत चिकटते. व्हॅक्यूमचा ब्रश हा एकच उपाय, आणि आरसा पुसताना साबणपाण्याचे ओघळ दोरात जातात ते वेगळंच. ओल्या न्हाणीघरात तर चौकट, टोपली काहीच दोराचं नको.

दोराची लँपशेड ठेवलीय, पण आत फक्त कमी वॅटचा एलईडी बल्ब, आणि शेड बल्बपासून लांब. ताग आणि सुती दोन्ही पटकन पेट घेतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही हे म्हणीत ठीक आहे, छताखाली तसा प्रयोग नको.

गोल पायपुसणं हा माझा सगळ्यात वेळखाऊ उद्योग. किती दोर लागेल ते काढायची सोपी रीत अशी: गोलाचं क्षेत्रफळ भागिले दोराची जाडी. 60 सेंमी व्यासाच्या पायपुसण्याला 10 मिमीचा दोर सुमारे 28 मीटर लागतो. वेढे चिकटवू नका, शिवा. पायाखाली गोंद तडकतो, टाके मात्र वाकतात. शिवताना दोर ओढून धरला तर पायपुसणं वाटीसारखं वर उचलतं, म्हणून जमिनीवर सपाट ठेवूनच शिवायचं. धुता येतं, वाळायला मात्र दोन दिवस घेतं.

टेबलाच्या पायाला गुंडाळलेल्या घायपाताबद्दल मांजराचं मत माझ्यापेक्षा महत्त्वाचं. तिने सोफा सोडलाय. वरचे वेढे पिंजारलेत, तेवढेच बदलेन. पडद्याचे बंद आणि खणांच्या मुठी यांना नावं ठेवायला जागा नाही, फक्त स्वयंपाकघरातल्या मुठी तेलकट हातांनी लवकर कळकट होतात, तिथे साध्याच बऱ्या.

टोकांकडे दुर्लक्ष केलं की सगळं उसवतं. कापायच्या जागी आधी चिकटपट्टी गुंडाळायची आणि तिच्या मधोमध कापायचं. नायलॉनचं टोक आचेवर वितळवून बंद होतं, ताग आणि सुती दोराला बारीक दोऱ्याचे घट्ट वेढे द्यावे लागतात. आरशाचा काढलेला ताग वाया गेला नाही, पुस्तकांच्या खणातल्या टोपल्यांना त्याचे कान केलेत. पुढची गुंडाळी सुतीच आणेन, जरा जाड, 12 मिमीची.