ईकोमधला मुक्काम : एका सुट्या कॅम्पिंग संचाचे परीक्षण

मारुती सुझुकीची ईको शाळेच्या मुलांची ने-आण करताना, पाण्याचे जार पोहोचवताना किंवा रुग्णवाहिकेच्या रूपात रोज दिसते, आणि रोज दिसते म्हणूनच तिच्याकडे सहलीची गाडी म्हणून कोणी पाहत नाही. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. त्यानंतर दोन्ही बाजूंना सरकती दारे, वर उचलले जाणारे मागचे दार आणि आत चौकोनी मोकळी जागा असलेली, मध्यमवर्गीय खिशाला परवडणारी छोटी व्हॅन म्हणून ईकोचेच नाव पुढे येते. पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्याने माझ्या पाच आसनी पेट्रोल ईकोसाठी झोपण्याचा, स्वयंपाकाचा आणि विजेचा असा एक संच बनवून दिला. पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा अशा तिन्ही ऋतूंत तो वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. कारखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्याच्या कामात जसे चांगले आहे तसे तक्रार करण्याजोगेही आहे, आणि या परीक्षणाचा उपयोग कोणत्याही कारागिराकडे जाणाऱ्या वाचकाला व्हावा अशी माझी इच्छा आहे.

या संचाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो सुटा आहे. गाडीच्या पत्र्याला एकही नवे भोक पाडलेले नाही. मागचे आसन ज्या बोल्टांनी जमिनीला आवळलेले असते त्याच जागी संचाची चौकट आवळली जाते, आणि दोन माणसे हाताशी असतील तर तासाभरात सगळे उतरवून आसन पुन्हा बसवता येते. इतर काही कारागिरांनी मला छतात पंख्यासाठी चौकोन कापण्याचा, बाजूला पाण्याची टाकी कायमची बसवण्याचा आणि भिंतींना लाकडी तक्ते ठोकण्याचा सल्ला दिला होता. परदेशातल्या मोठ्या व्हॅनची चित्रे पाहिली की असे बदल हवेसे वाटतात. पण आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडक लावला आहे. झोपण्या-राहण्याची कायमची सोय असलेल्या वाहनांसाठी, म्हणजे मोटर कॅराव्हॅनसाठी, एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्यातून एखादी घरगुती ईको पार करण्याचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करील. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे, पण त्याचा रोख नोंदणीकृत कॅराव्हॅन आणि त्यांच्या तळांवर आहे. सुतारकाम केलेल्या ईकोला त्याचा आधार मिळेल असे कोणी समजू नये. सुट्या संचातही आसन काढल्यावर प्रमाणपत्रातील आसनसंख्येचा प्रश्न उरतोच. त्याबाबत आपल्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारणा करावी, आणि आसन काढलेले असताना मागे कोणालाही बसवून गाडी चालवू नये.

दोन आसनी मालवाहू ईको मागे रिकामीच मिळते, म्हणून तीच घ्यावी असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. तिची नोंदणी मालवाहू वाहन म्हणून होते, पाटी पिवळी येते, आणि योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करावे लागते. शिवाय पाच आसनी गाडीच्या मागच्या दारांना सरकत्या काचा असतात. महाराष्ट्राच्या हवेत रात्री झोपायचे असेल तर या काचा फार मोलाच्या आहेत.

आता बिछान्याकडे येऊ, कारण अशा संचाची खरी परीक्षा तिथेच होते. ईकोची बाहेरची लांबी ३६७५ मिलिमीटर, रुंदी १४७५ मिलिमीटर आणि उंची १८२५ मिलिमीटर आहे. इंजिन पुढच्या आसनांखाली असल्यामुळे पुढे लांब नाक नाही, आणि एवढ्या आखूड गाडीत झोपायला जागा निघते ती त्यामुळेच. तरीही सहा फुटी माणसाला पाय सरळ ठेवायचे असतील तर बिछान्याची फळी पुढच्या आसनांच्या पाठीवरून थोडी पुढे न्यावी लागते. कारखान्याने यासाठी तिसरी फळी बिजागरीवर दुमडणारी केली आहे. गाडी चालवताना ती मधल्या फळीवर पडून राहते आणि रात्री पुढे उलगडून एका सुट्या पायावर टेकते. ही रचना साधी आहे आणि अजून तरी कुरकुरलेली नाही. इंजिनाची तपासणी पुढचे आसन उचलून करावी लागते, हे लक्षात ठेवून ती फळी आसनाला कुठेही बांधलेली नाही. गाडी ठाऊक असलेल्या माणसालाच हे सुचते.

फळीची उंची ठरवताना मात्र कारखान्याने ग्राहकापेक्षा सामानाचा विचार जास्त केला. खाली प्लास्टिकचे मोठे खोके मावावेत म्हणून त्यांचा नेहमीचा ओटा सव्वा फुटाच्या वर असतो; त्यावर तीन इंचांची गादी टाकली की मान वाकवूनच बसावे लागते. पावसात संध्याकाळी सहा वाजता गाडीत शिरून सकाळपर्यंत आत राहायचे असेल तेव्हा सरळ बसता येणे ही चैन नसून गरज आहे. मी उंची दहा इंचांवर आणायला लावली. खोकी बदलून उथळ ट्रे घ्यावे लागले, पण डोके छताला लागत नाही. ऑर्डर देण्यापूर्वी आपल्या घरातील सर्वांत उंच व्यक्तीला गाडीत गादीसह बसवून माप घ्यावे, कारखान्याच्या ठरलेल्या मापावर विसंबू नये.

प्लायवूड १२ मिलिमीटरचे, आयएस ७१० छापाचे, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्रतीचे आहे. त्यांच्या पहिल्या अंदाजपत्रकात १८ मिलिमीटरचे होते. आठ बाय चार फुटांच्या १८ मिलिमीटर तक्त्याचे वजन ३५ किलोच्या आसपास भरते आणि १२ मिलिमीटरचे २४-२५ किलो. दोन तक्ते लागले तरी वीस किलोचा फरक पडतो, आणि वीस किलो म्हणजे वीस लिटर पाणी. १२०० सीसीच्या, सुमारे ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला ताम्हिणीची किंवा माळशेजची चढण चढताना हा फरक जाणवतो. खालून ॲल्युमिनियमच्या चौकटीचा आधार दिल्यामुळे पातळ फळीला बाक येत नाही. कडांना रंग किंवा पट्टी नीट लावलेली असावी. आमच्या संचात खालच्या दोन कडा उघड्याच सोडल्या होत्या आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे बुरशीचा काळा पट्टा आला.

स्वयंपाकाचा खण मागच्या दारातून बाहेर ओढला जातो. वर उचललेले दार डोक्यावर छप्पर धरते, त्यामुळे भुरभुर पावसातही उभ्याने चहा करता येतो. ही सोय संचाइतकीच गाडीच्या मूळ रचनेची आहे. खणाचे टेलिस्कोपिक चॅनल जड वजनाचे आहेत, मात्र बंद अवस्थेत त्यांना अडवणारी कडी दिलेली नव्हती. चढणीवर भरलेला खण मागे सरकून दारावर आदळू लागला आणि शेवटी नाना पेठेतून एक साधी खटक्याची कडी आणून लावावी लागली. एवढी मोठी बाब कारखान्याच्या हिशेबात नसावी याचे आश्चर्य वाटते. शेगडी ब्युटेनच्या डब्यावर चालणारी आहे. ती गाडीच्या आत पेटवता येणार नाही अशाच जागी खण ठेवला आहे, हे योग्यच झाले; बंद जागेत जळणाऱ्या शेगडीतून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही. गॅसचे डबे ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नयेत असा इशारा त्यांच्यावर छापलेला असतो. एप्रिलच्या उन्हात बंद उभी असलेली गाडी ही मर्यादा सहज गाठते, तेव्हा उन्हाळ्यात गाडी सोडून गडावर जाताना डबे आत ठेवणे टाळावे.

विजेच्या पेटीबद्दल माझे मत संमिश्र आहे. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी म्हणजे कागदावर १२८० वॉट-तास. त्यातले हजार वापरायचे असे धरून चालावे. छोटा कॉम्प्रेसरचा फ्रिज दिवसभरात सुमारे ५००, रात्रभर चालणारा पंखा १६०, दिवे ४० आणि दोन फोन मिळून आणखी ४० वॉट-तास घेतात. एका रात्रीला हे आरामात पुरते, दोन रात्री गाडी न हलवता राहायचे असेल तर फ्रिज बंद ठेवावा लागतो. गाडीच्या अल्टरनेटरवरून २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बॅटरी भरतो, म्हणजे तासाला साधारण अडीचशे वॉट-तास मिळतात आणि पुण्याहून गुहागरला पोहोचेपर्यंत ती भरलेली असते. इथवर हिशेब चोख आहे. पण बॅटरीकडे जाणाऱ्या मुख्य तारेला बॅटरीच्या लगत फ्यूज नव्हता; तो तीन फूट पुढे, फळीच्या पलीकडे होता. या तीन फुटांत तार कुठे घासली गेली तर तिला वाचवणारे काहीच नाही. मी ती पेटी परत पाठवली आणि त्यांनी विनातक्रार, पैसे न घेता बदलून दिली, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. त्यांनी सोबत सुचवलेला मोठा इन्व्हर्टर आणि इंडक्शन शेगडी मात्र नाकारावी. १५०० वॉटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअरच्या घरात प्रवाह ओढते. आमटी-भात होईतो निम्मी बॅटरी संपते आणि तारा गरम होतात त्या वेगळ्याच.

उष्णतारोधनाच्या बाबतीत कारखान्याची समज हिमाचलच्या थंडीसाठी तयार झालेली असावी, कारण भिंतींपेक्षा आपल्याकडे छताचा प्रश्न मोठा आहे. छताखाली दहा मिलिमीटरचा फोम लावल्यावर दुपारी हात लावता येण्याइतपत फरक पडला, तरी कोकणात मे महिन्यात सावली शोधण्याला पर्याय नाही. त्यांनी दारांच्या आतल्या पत्र्यालाही फोम चिकटवण्याचा आग्रह धरला होता. तो मान्य केला नाही हे बरे झाले. पत्रा आणि फोम यांच्यामध्ये अडकलेले पाणी सह्याद्रीच्या पावसाळ्यात वाळत नाही आणि गंज आतून सुरू होतो. दोन माणसे रात्रभर झोपली तर श्वास आणि घाम मिळून अर्धा लिटरच्या आसपास वाफ आतल्या हवेत जाते, ती काचांवर आणि पत्र्यावर पाणी होऊन उतरते. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत, जूनच्या तोंडावर, दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटे उघड्या ठेवून आणि एका बाजूला पंखा बाहेर हवा फेकेल असा लावून झोपलो तेव्हाच सकाळी पांघरूण कोरडे राहिले.

त्यासाठी मच्छरदाणी हवी आणि ती या संचातील सर्वांत चांगली वस्तू आहे. बाजूच्या दारांवर चुंबकांनी चिकटणारी जाळी दार सरकवताना अडकत नाही आणि काढून घडी केली की उशीच्या खोळीत मावते. पडद्यांविषयी चांगले लिहिता येत नाही. काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्या उन्हात सुटतात आणि मध्यरात्री एकेक पडदा खाली येतो. दोरी आणि चिमटे वापरून काम भागते.

चालवण्याच्या दृष्टीने संच बसवल्यावर गाडीचा स्वभाव फारसा बदलत नाही, फक्त मागची चाके थोडी जास्त भार घेतात. जमिनीपासूनची उंची सुमारे १६० मिलिमीटर आणि चाके तेरा इंची, त्यामुळे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईची किंवा पवना धरणाच्या काठची कच्ची वाट सांभाळूनच घ्यावी लागते. ईकोची ओढ मागच्या चाकांना असल्यामुळे वजन मागे असताना चिखलात पकड बरी मिळते. वाळूत मात्र कधीही उतरू नये, आणि किनाऱ्यावर गाडी नेणे बहुतेक ठिकाणी मनाईचे आहे. गावाच्या कडेला थांबायचे तर आधी गावकऱ्यांना विचारावे. मंदिराच्या पटांगणात किंवा एखाद्याच्या खळ्यात जागा मिळते आणि पाण्याचाही प्रश्न सुटतो.

बॅटरी आणि फ्रिज वगळून संचाचा खर्च पाऊण लाखाच्या आसपास आला. वीज आणि फ्रिज धरले तर तो जवळपास दुप्पट होतो. कबूल केलेल्या तारखेपेक्षा काम बरेच उशिरा मिळाले आणि दर वेळी उशिराचे कारण प्लायवूड हेच सांगण्यात आले. दोघांसाठी, वर्षभर थोड्या थोड्या दिवसांच्या भटकंतीसाठी आणि एरवी त्याच गाडीत घरच्यांना फिरवण्यासाठी हा संच मी घ्यायला सांगेन. लहान मुले असलेल्या कुटुंबाला सांगणार नाही, कारण त्यांना मागचे आसन हवेच असते. ऑर्डर देताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात : ओट्याची उंची, कडांना पट्टी, खणाला कडी आणि बॅटरीलगत फ्यूज. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नये.