रास्पबेरी पायवर एसपीआय: स्पायडेव्ह की कर्नल ड्रायव्हर?

कॉन्फिग फाइलमध्ये एसपीआय (बोर्डाला सेन्सर, चिप जोडायची सिरियल बस) चालू करून बोर्ड रीबूट केला की स्पायडेव्ह ०.० आणि ०.१ हे नोड, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट एसपीआय वापरू देणाऱ्या डिव्हाइस फाइल्स, हजर होतात. पायथनमधून मोड आणि वेग ठरवा, तीन बाइट पाठवा. एमसीपी ३००८ या ॲनालॉग सिग्नलचा आकडा करणाऱ्या चिपचं १० बिटांचं रीडिंग हातात. सेन्सर नुसता तपासायचा असेल तर एवढं पुरे.

एमसीपी २५१५ सारखी कॅन चिप (गाड्यांमधल्या कॅन नेटवर्कवर संदेश देणारी-घेणारी) आली की मात्र स्पायडेव्ह तोकडा पडतो. त्यात इंटरप्टची, म्हणजे चिपने स्वतःहून हाक देण्याची, सोयच नाही; चिपला सतत विचारत बसावं लागतं. तिथे माझं मत सरळ कर्नल ड्रायव्हरला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच चालणाऱ्या ड्रायव्हरला. ओव्हरलेमध्ये (जोडलेल्या हार्डवेअरची माहिती कर्नलला देणारी फाइल) क्रिस्टलची, म्हणजे चिपच्या घड्याळाची, फ्रिक्वेन्सी आणि इंटरप्टची पिन दिली की चिप थेट नेटवर्क इंटरफेस म्हणून दिसते. फक्त क्रिस्टलवरचा आकडा आधी वाचा: ८ मेगाहर्ट्झच्या जागी १६ लिहिलं तर ड्रायव्हर बिनतक्रार लोड होतो, पण बिटरेट (संदेशाचा वेग) निम्मा पडतो आणि एकही संदेश धड जात नाही. आणि हो, ड्रायव्हरने ०.० घेतला की तो स्पायडेव्ह नोड गायब होतो. तो बिघाड नव्हे.