प्राचार्यपदाचा चार्ज घेताना: संस्थेचा ठराव की स्वतःची पॉलिसी?

एका उपप्राचार्य मॅडमनी विचारलं, चार्ज घ्यायचाय, उद्या अंगावर केस आली तर संस्था खर्च करेल असा ठराव घ्यावा की स्वतः लायबिलिटी इन्शुरन्स (कामातल्या चुकीबद्दल दावा झाला तर खर्च देणारा विमा) काढावा?

आधी एक सांगतो, महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग कायदा बघा, तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी, तथ्य दिसलं तर विद्यार्थी सस्पेंड आणि तक्रार पोलिसांकडे, आणि हे टाळलं तर कॉलेजच्या प्रमुखालाच, म्हणजे प्राचार्यालाच, चिथावणी दिल्याचं धरून दोन वर्षांपर्यंत कैद नि दहा हजारांपर्यंत दंड. यात ना ठराव तुमच्या जागी आत जाणार ना पॉलिसी.

खर्च म्हणाल तर ठराव फुकट, पॉलिसीला दरवर्षी प्रीमियम.

खरी गोम वकील कोणाचा यात आहे. ठरावावर मिळणारा वकील संस्थेचा, आणि संस्थेनंच तुमच्यावर ढकललं तर तो कोणाच्या बाजूनं बोलणार? (सेक्रेटरी तोंडभरून "आम्ही आहोत ना" म्हणतात, ते मिनिट्समध्ये, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत, आहे का ते बघा.) पॉलिसीत बचावाचा खर्च असेल तर निदान तुमची बाजू वेगळी मांडता येते, पण मुद्दाम केलेलं कृत्य नि फौजदारी दंड सहसा बाहेरच असतात.

टिकाऊपणा दोन्हीचा कच्चा, संस्थेचं कार्यकारी मंडळ बदललं की ठराव फिरू शकतो, आणि बऱ्याच पॉलिसी दावा येतो तेव्हा चालू असाव्या लागतात, रिटायरमेंटनंतर नोटीस आली तर काय हे आधीच विचारा.

थोड्या महिन्यांचा चार्ज, मंडळाशी संबंध चांगले असतील तर लेखी ठराव पुरे. कायम पद, हॉस्टेल, मंडळात गटबाजी असेल तर पॉलिसी घ्याच, ठरावही सोडू नका.