बिडाच्या भांड्यापायी 19,289 रुपये गेले

लिहायची लाज वाटतेय. पण परवा वहिनीने तीच जाहिरात मला पाठवली, "घ्यायचं का गं?" म्हणून. मग गप्प बसवेना.

जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. ल क्रूझेचं केशरी, एनॅमलचं बिडाचं भांडं. ही फ्रान्समधली 1925 सालची कंपनी, आणि खरं भांडं घ्यायला गेलं तर वीस हजारांच्या वर. इथे 'गोदाम रिकामं करतोय' म्हणून 4,299 रुपये. बाकी नेहमीचंच: उलटं धावणारं घड्याळ, 'फक्त 7 शिल्लक', पैसे आधी भरा.

मी हावरट नाही. अशा भांड्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकत होते. घरात सासूबाईंची बिडाची कढई आहे, पण चिंच-गुळाची आमटी तिच्यात काळी पडते, लोखंडाची चव उतरते. एनॅमल म्हणजे बिडावर भट्टीत भाजून बसवलेला काचेचा थर. त्यात चिंच, कोकम, टोमॅटो सगळं चालतं, गंजू नये म्हणून तेल चोळत बसावं लागत नाही, आणि जाड बुडामुळे मंद आचेवर मटण छान शिजतं. नॉनस्टिकचे पोपडे निघालेली तीन भांडी मी टाकून दिली आहेत. मला हे हवंसं वाटलं यात माझं काय चुकलं?

चुकलं ते दारात. पार्सलवाल्या मुलाच्या एका हातात मोबाइल होता, दुसऱ्या हाताने त्याने खोकं पुढे केलं. मीही एका हातानेच घेतलं. 24 सेंटिमीटरचं खरं भांडं झाकणासकट चार किलोच्या आसपास भरतं, हे मला पाठ होतं. लेबलवर वजन छापलेलं होतं, 1.2 किलो. मी ते वाचलं. वाचलं आणि कात्री आणायला आत गेले.

फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं, चिकटेना. बिडाला चुंबक चिकटतंच. काठ खरवडला तर केशरी रंग नखात आला. ॲल्युमिनियमवर नुसता रंग मारलेला.

तिथे थांबले असते तर 4,299 वरच भागलं असतं. खोक्यावरच्या नंबरला फोन केला. "ताई, लगेच रिफंड करतो," म्हणत त्याने क्यूआर कोड पाठवला. रागाने हात थरथरत होते, मी स्कॅन करून पिन टाकला. 14,990 गेले. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, हे मी स्वतः आईला शिकवलंय!

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या 1930 या हेल्पलाइनला फोन लागायला चाळीस मिनिटं गेली. तुम्ही मात्र पहिल्या मिनिटापासून लावत राहा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले तर हाती लागायची शक्यता जास्त. बँकेत उत्तर मिळालं, "पिन तुम्हीच टाकलात, मॅडम." चौकीत दोन तास बाकावर बसवलं. मग हद्द कोणती यावर चर्चा. मग साहेब जेवायला. परत आल्यावर पहिला प्रश्न, "शिकलेल्या दिसता, मग भांड्याला एवढे पैसे कशाला?" मी चोरी केल्यासारखी मान खाली घालून बसले होते. चोर कोण होतं? ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव माझ्या मोबाइलवर दिसतंय, ते पाहायलासुद्धा कोणी हात पुढे केला नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर विक्रेत्याचा पत्ता मागतात. पत्ता असता तर मी तिथेच गेले नसते का?

जाहिरातीचा, पार्सलच्या लेबलचा, व्यवहाराचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. जाहिरातीचं पान चौथ्या दिवशी गायब झालं.

सात आठवडे झाले. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार 'प्रक्रियेत' आहे. भांडं पुरावा म्हणून जपून ठेवायला सांगितलंय, ते पाहायला अजून कोणी आलेलं नाही.