पास्का मेणबत्ती विकत घेताना: मेणाची, पॅराफिनची की तेलाच्या नळीची?

ईस्टरच्या आदल्या, म्हणजे पवित्र शनिवारच्या रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये सगळ्यात आधी शिरते ती पास्का (ईस्टरची) मेणबत्ती. पुढचं वर्षभर प्रत्येक स्नानसंस्काराला (बाप्तिस्म्याला) आणि प्रत्येक अंत्यविधीला तीच लावायची असते. त्यामुळे तिची खरेदी चर्चच्या इतर सामानाच्या यादीत शेवटी ढकलू नये. बाजारात तीन प्रकार मिळतात. एक मधमाशीच्या मेणाची, बहुधा 51 टक्के मेण असलेली. दुसरी निव्वळ पॅराफिनची. तिसरी म्हणजे बाहेरून मेणबत्ती दिसणारी प्लास्टिकची नळी, जिच्या आत द्रव पॅराफिनची कुपी बसवलेली असते. आमचं मत आधीच सांगतो: पहिली घ्या, ती परवडत नसेल तर दुसरी, आणि तिसरी घेऊ नका.

नळी सोयीची आहे हे खरं. ती ठिबकत नाही, उन्हाळ्यात वाकत नाही, वेदीच्या कापडावर डाग पाडत नाही. पण ईस्टरच्या उपासनेविषयी रोमहून 16 जानेवारी 1988 रोजी निघालेल्या पत्रात स्पष्ट म्हटलं आहे की ही मेणबत्ती मेणाचीच असावी, कृत्रिम कधीच नसावी, दरवर्षी नवी असावी, एकच असावी आणि पुरेशी मोठी असावी. नळी यातल्या पहिल्या दोन अटी मोडते. वर्षाच्या आकड्यांचे स्टिकर बदलून तीच नळी वर्षानुवर्षं उभी राहते, म्हणजे तिसरीही मोडते. उजेड देता देता मेणबत्ती स्वतः झिजते, हे लोकांच्या डोळ्यांना दिसायला हवं. झिजत नाही ती वस्तू मरण आणि पुनरुत्थान यांविषयी काय सांगणार? शिवाय कुपीचं झाकण सैल झालं की तेल नळीच्या आतून खाली उतरतं आणि स्टँडमध्ये साचतं. आगीला तेवढं निमित्त पुरतं.

51 टक्क्यांचा आकडा जुना आहे. रोमच्या 1904 च्या आदेशात पास्का मेणबत्तीत मधमाशीच्या मेणाचा वाटा अधिक असावा असं सांगितलं होतं. उत्पादकांनी त्यावरून निम्म्याहून जरा जास्त हा प्रघात पाडला. आज टक्केवारीची सक्ती नाही, पण मेणाचा फायदा प्रत्यक्ष आहे. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, तर स्वस्त पॅराफिन त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. वसईच्या दमट एप्रिलमध्ये हा फरक कमी जाणवेल. जालन्यात किंवा अहिल्यानगरात, पत्र्याच्या छपराखालच्या चर्चमध्ये मात्र पॅराफिनची मेणबत्ती मे महिन्यात कंबरेतून वाकते. मेणबत्तीवर पांढरट भुकटीसारखा थर दिसला तर माल खराब समजू नका. मधमाशीच्या मेणावर तो येतोच, मऊ सुती कापडाने पुसला की जातो. विक्रेत्याकडून मेणाचं प्रमाण बिलावर लिहून घ्या. पिवळा रंग आणि मधाचा वास दोन्ही वरून घालता येतात.

मापाच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी चूक होते ती मोठं घेण्याची. 3 इंच व्यासाची 36 इंच उंच मेणबत्ती सुमारे 4 किलो भरते. ईस्टर ते पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) 50 दिवस. रविवारच्या तासाभराच्या तीन मिस्सा (उपासना) धरल्या तर 8 रविवारांचे 24 तास, इतर दिवसांची रोजची एक मिस्सा म्हणजे 42 तास, आणि पास्काच्या रात्रीचे 3. एकूण 70 च्या आत. तासाला 10 ग्रॅम मेण जळतं असं धरलं तर 700 ग्रॅम, म्हणजे उंचीने जेमतेम 6 इंच. उरलेली अडीच फूट मेणबत्ती पाहून समितीचा मोह होतो: आकडे बदलू आणि पुढच्या वर्षी हीच वापरू. लहान धर्मग्रामाने (पॅरिशने) अडीच इंच व्यासाची 24 इंची घ्यावी आणि दरवर्षी नवी घ्यावी. अवाढव्य पण शिळ्या मेणबत्तीपेक्षा ती कितीतरी बरी.

ऑर्डर देण्याआधी स्टँडच्या खाचेचा आतला व्यास मोजा. मेणबत्ती सैल बसली तर भोवती कागद कोंबू नका, पितळी पट्टी बसवून घ्या. वरची पितळी टोपी सोबतच मागवा. तिच्यामुळे वितळलेलं मेण कडेने ओघळत नाही. ओघळण्याचं खरं कारण मात्र वेदीवरचा पंखा असतो. ज्योत एका बाजूला झुकते, ती कड आधी वितळते आणि मेणबत्तीला पन्हळ पडते. तो एक पंखा बंद ठेवला की निम्मी तक्रार संपते. वात प्रत्येक वेळी पाव इंचावर कातरा. लांब वात काजळी धरते. दुसऱ्या बाजूने, दहा-दहा मिनिटं लावून विझवण्याची सवय लागली तर वातीभोवती खड्डा पडत जातो आणि ज्योत त्यात बुडते.

विधीची तयारी आदल्या आठवड्यातच करा. क्रूस कोरताना आधी उभी रेघ, मग आडवी. वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), आणि चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे: वर डावीकडे पहिला, वर उजवीकडे दुसरा, खाली त्याच क्रमाने उरलेले दोन. धुपाचे पाच खिळे वर, मध्ये, खाली, डावीकडे, उजवीकडे या क्रमाने लावायचे असतात. थंड मेणात खिळा दाबला की तडा जातो, म्हणून गरम सुईने भोकं आधी पाडून ठेवा. खिळे वातीपर्यंत पोहोचतील इतके लांब नसावेत. नव्या वातीवर मेणाचा लेप असतो आणि विधीच्या सुरुवातीला ज्या अग्नीवर मेणबत्ती पेटवतात त्याच्याजवळच्या वाऱ्यात ती पेटत नाही. वरचं सेंटीमीटरभर मेण खरवडून काढा.

मिरवणुकीत मेणबत्ती सरळ धरायची. ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ ही घोषणा तीनदा होते: दाराशी, मध्यभागी आणि वेदीसमोर. लोकांच्या मेणबत्त्या दुसऱ्या घोषणेनंतर पेटतात. इथे एक सूचना आधीच द्या: पेटलेली मेणबत्ती उभीच ठेवायची, न पेटलेली तिरकी करायची. उलटं केलं की शेजाऱ्याच्या हातावर मेण सांडतं. लोकांना वाटायच्या मेणबत्त्या निदान अर्धा तास टिकणाऱ्या घ्या. मिरवणुकीनंतर गायली जाणारी पास्काची घोषणा लांब असते आणि तिच्यात मधमाश्यांच्या श्रमांचा गौरवही आहे. स्नानसंस्काराच्या वचनांचं नूतनीकरण होतं तेव्हा त्याच मेणबत्त्या पुन्हा पेटवायच्या असतात. पातळ वातीच्या स्वस्त मेणबत्त्या तिथवर पोहोचत नाहीत आणि लोक रिकाम्या हातांनी वचनं देतात, हे फार खटकतं.

पाण्याच्या आशीर्वादाच्या वेळी मेणबत्ती पाण्यात एकदा किंवा तीनदा उतरवता येते. खालचं टोक उतरवायचं, आणि स्टँडमध्ये परत ठेवण्याआधी कोरडं करायचं. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो की स्नानसंस्कारात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले जातो ते नव्या जीवनात चालण्यासाठी. ते तिथे दिसतं. प्रौढ माणूस त्या पाण्यातून बाहेर येतो आणि त्याची मेणबत्ती याच ज्योतीवर पेटते, तेव्हा सगळं चर्च त्याच्या बदललेल्या आयुष्याचं साक्षीदार असतं. पुढे त्याला साथ देणं हे त्या सगळ्यांचं काम.

पेन्टेकॉस्टनंतर मेणबत्ती स्नानकुंडाजवळ ठेवायची, कोठीत नाही. कोठीत गेली की अंत्यविधीच्या घाईत ती कोणालाच आठवत नाही, आणि शोकात बसलेल्या घराला नेमकी तीच दिसायला हवी असते. शवपेटीजवळ ठेवताना हार आणि पडदे हातभर लांब ठेवा.

वर्षाअखेरीस उरलेलं मेण टाकू नका. खिळे, वात, स्टिकर काढून, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात 70-75 अंशांवर वितळवा. थेट आचेवर कधीच नको. मलमलीतून गाळून घ्या. त्यातून पुढच्या पास्काच्या रात्रीसाठी लोकांच्या हातातल्या मेणबत्त्या होतात.