भिंतीत प्लाय टाकलाय असं सांगून

मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलचा तुकडा पाडून सासूबाईंसाठी छोटी खोली काढली. विटांच्या भिंतीचा भार स्लॅबवर नको म्हणून जिप्सम बोर्डचं पार्टिशन केलं, म्हणजे पत्र्याच्या उभ्या चॅनलला दोन्ही बाजूंनी बोर्ड आणि मधे पोकळी. ठेकेदार ओळखीतूनच आला होता. पलंगाच्या डोक्याशी पोथ्या-औषधांसाठी फळी आणि हॉलच्या बाजूला टीव्ही लागणार, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. "वहिनी, निर्धास्त राहा. आतून 18 एमएमचा प्लाय टाकतो, माणूस लटकला तरी हलणार नाही." कोटेशनमध्ये प्लायच्या दोन शीटचे 6,400 रुपये वेगळे लावले होते. आम्ही ते दिले.

बोर्ड बंद झाले तेव्हा आम्ही गणपतीला गावी होतो. परत आलो तर पुट्टी, रंग, फळी सगळं तयार. आत काय आहे ते विचारायचं सुचलंच नाही.

मार्चमध्ये एका दुपारी फळी खाली आली. सासूबाई पाच मिनिटांपूर्वीच चहाला उठल्या होत्या. ब्रॅकेटचं लोखंडी टोक त्यांच्या उशीत रुतलेलं बघून माझे हातपाय गळाले. स्क्रू ब्रॅकेटमध्ये तसेच होते, स्क्रूवर प्लॅस्टिकच्या गिट्ट्याही घट्ट, आणि गिट्ट्यांना पांढरा भुगा चिकटलेला. भिंतीला अंगठा जाईल एवढं भोक. मोबाइलचा टॉर्च लावला. प्लायचा पत्ता नव्हता. नुसती पोकळी, आणि पलीकडच्या बोर्डची पाठ.

गिट्टी विटेत किंवा काँक्रीटमध्ये फुगून धरते. हा बोर्ड जेमतेम 12.5 एमएम जाड आणि मागे हवा. तिथे ती धरणार कशाला? त्यात फळी जितकी रुंद, तितका वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. हे त्या माणसाला माहीत नसेल, असं मी मुळीच मानत नाही.

फोन केला तर म्हणाला, "तुम्ही वजन जास्त ठेवलंत." भोकाचा फोटो पाठवल्यावर फोन उचलणंच बंद.

टीव्ही त्याच संध्याकाळी उतरवला. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक भिंतीवर फिरवलं, तर साधारण दोन-दोन फुटांवर उभ्या रेषेत स्क्रू लागले. ते पत्र्याचे चॅनल. मधे कुठेच काही नाही. दोन्ही शीटचे पैसे खाल्ले होते.

दुसऱ्या सुताराने बोर्ड कापला, प्लाय दोन्ही बाजूंच्या चॅनलला स्क्रूने पक्का केला आणि मग भिंत पुन्हा बंद केली. या वेळी मी रजा घेऊन समोर उभी होते. जमिनीपासून टेप लावून प्लाय कुठून कुठपर्यंत आहे, त्याचे फोटो काढले. तुम्हीही बोर्ड बंद व्हायच्या आधी तेवढे फोटो काढाच, आणि ते पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. फोटोफ्रेमसारख्या हलक्या वस्तूंसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला स्प्रिंगचे टॉगल बोल्ट मिळतात. त्यांचे पंख मिटून भोकातून जातात आणि मागे उघडून बोर्ड धरतात. गीझर, भांड्यांचं कपाट असलं काही मात्र त्यांच्या भरवशावर टांगू नका.

फळी आता पक्की आहे. पलंग मात्र खिडकीकडे सरकवला. त्या भिंतीखाली सासूबाईंना झोप येत नाही.