वॉरंटी संपलेली क्वाटर्नरी एचपीएलसी आणि पर्ज व्हॉल्व्हमधली ती पांढरी चकती

वॉरंटी संपली की मशीनचा स्वभाव आणि सर्व्हिसचा दर दोन्ही एकदमच कळतात. एचपीएलसी म्हणजे द्रवात विरघळलेल्या नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र; क्वाटर्नरी म्हणजे चार द्रव मिसळू शकणारं. तक्रार साधी होती: मेथड तीच, कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) तोच, प्रवाह 1 मिलि/मिनिट, पण प्रेशर आठवड्यागणिक चढतंय. कोटेशनमध्ये आलं काय? दोन चेक व्हॉल्व्ह (द्रव एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा), प्लंजर सील, प्लंजर (पंपातला पुढेमागे सरकणारा दांडा) आणि वर व्हिजिट चार्ज. एएमसी (वार्षिक देखभाल करार) स्पेअरविना असल्यामुळे मजुरी त्यांची, सुटे भाग आपल्या खिशातून. बिघाड मात्र निघाला पर्ज व्हॉल्व्हमधल्या (द्रव कॉलमऐवजी थेट बाहेर सोडणारी झडप) पीटीएफई फ्रिटमध्ये, म्हणजे गाळणीच्या छोट्या पांढऱ्या चकतीत, आणि कोटेशनमध्ये त्या फ्रिटची एक ओळही नव्हती.

स्पेक्स सगळ्यांना ठाऊक आहेत: 400 बारचा लो-प्रेशर मिक्सिंग (द्रव पंपाच्या आधीच मिसळणारा) पंप, चार चॅनल, ऑटोसॅम्पलर, यूव्ही डिटेक्टर. काम क्यूसीचं (गुणवत्ता तपासणीचं), म्हणजे फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं मिठाचं द्रावण) आणि अ‍ॅसिटोनायट्रिल, तेही जवळजवळ रोज. त्यामुळे हा अनुभव बराचसा त्या चकतीबद्दलच आहे. ज्यांना डिटेक्टरच्या लिनिअरिटीबद्दल वाचायचंय त्यांनी ब्रोशर वाचावं, तिथे ते छान लिहिलंय.

प्रेशर चढलं की पहिला संशय कॉलमवर जातो, आणि चांगला कॉलम फुकट भंगारात निघतो. आधी प्रेशरचे तुकडे पाडा. बफर चालू असेल तर पाण्याने धुऊन घ्या, मग पर्ज व्हॉल्व्ह उघडा आणि नुसतं पाणी 5 मिलि/मिनिटने सोडा. आता कॉलम वाटेत नाही, तरी प्रेशर 10 बारच्या वर दिसलं तर चकती भरलीय. इथे कोणाला फोन करायची गरज नाही. पंप बंद करा, बाटल्या पंपाच्या पातळीखाली ठेवा म्हणजे सायफनने द्रव वाहणार नाही, पर्ज व्हॉल्व्ह स्पॅनरने सोडवा, टोकाची सील कॅप काढा आणि टूथपिकने जुनी चकती उचला. धातूचा चिमटा किंवा सुई नको; आतल्या बसण्याच्या जागेवर ओरखडा गेला की तिथून गळती कायमची. नवी बसवा, व्हॉल्व्ह पुन्हा आवळा, तीच 5 मिलिची चाचणी घ्या आणि आकडा लॉगबुकात लिहा.

जुनी चकती फेकण्याआधी तिचा रंग बघा. काळी असेल तर प्लंजर सील झिजतोय. सीलमधल्या ग्राफाइटचा चुरा तिथे अडकतो. पांढरे खडे असतील तर बफर ऑरगॅनिकमध्ये (अ‍ॅसिटोनायट्रिल, मेथॅनॉल) खाली बसतोय. तपकिरी-हिरवट बुळबुळीत थर असेल तर दोष पाण्याच्या बाटलीचा: न्यूट्रल पीएचचा फॉस्फेट बफर दोन-तीन दिवस बाटलीत ठेवा, जंतू आपोआप वाढतात. एवढं निदान देणारा भाग, आणि सॉफ्टवेअरमध्ये दिव्याचे तास मोजायची सोय आहे, इंजेक्शन मोजायची आहे, सीलची झीज मोजायची आहे; चकतीला साधा काउंटरसुद्धा नाही! काटकसर मलाही आवडते, पण ही चकती सोनिकेटरमध्ये धुऊन पुन्हा लावण्यात अर्थ नाही. एकदा दाबली गेलेली पीटीएफई नीट बसत नाही आणि कचरा आत खोलवर राहतो. पाकीट आणून ठेवा, कॉलमच्या किमतीपुढे ते काहीच नाही.

पहिल्या काही महिन्यांत माझं मत होतं की या पंपाचे इनलेट चेक व्हॉल्व्हच कच्चे आहेत. ते मत आता बदललंय. लक्षणं अशी: प्रेशर प्रत्येक स्ट्रोकला खालीवर होतं, मधूनच शून्याकडे जातं, रिटेन्शन टाइम वाढतो (घटक कॉलममधून उशिरा बाहेर येतो); आणि मेथॅनॉलच्या चॅनलवर हाच पंप शहाण्यासारखा चालतो. म्हणजे दोष अ‍ॅसिटोनायट्रिलचा. निव्वळ अ‍ॅसिटोनायट्रिल बराच काळ राहिलं की माणकाच्या गोळीवर आणि नीलमण्याच्या बैठकीवर चिकट थर धरतो आणि गोळी उचलतच नाही. कुठल्याही कंपनीच्या माणिक-नीलम व्हॉल्व्हला हा त्रास होतो. उपाय: कॉलम काढून ठेवा, आधी पाणी, मग आयसोप्रोपेनॉल 1 मिलि/मिनिटने अर्धा तास. बफरवरून थेट आयसोप्रोपेनॉल सोडलंत तर मीठ आतच बसेल. एवढ्याने भागलं नाही तर व्हॉल्व्ह काढून, न उघडता, आयसोप्रोपेनॉलमध्ये 10-15 मिनिटं सोनिकेट करा आणि बाण वरच्या दिशेला ठेवून परत बसवा. अ‍ॅसिटोनायट्रिलच्या बाटलीतच 5-10 टक्के पाणी मिसळलं तर त्रास बराच कमी होतो. पण मग ग्रेडियंटचे (वेळेनुसार बदलणाऱ्या मिश्रणाचे) टक्के बदलावे लागतात, आणि व्हॅलिडेटेड मेथडमध्ये हे चेंज कंट्रोलशिवाय (बदलाच्या लेखी मंजुरीशिवाय) चालणार नाही. कोटेशनमधले दोन्ही चेक व्हॉल्व्ह अर्थातच नाकारले.

व्हॉल्व्हला दोष देण्याआधी सिंकरही (बाटलीत बुडालेलं नळीचं फिल्टरवालं टोक) तपासा. नळी पंपाच्या बाजूने सोडवली की, बाटली वर असल्याने, द्रव आपोआप भराभर टपकला पाहिजे. थेंब रेंगाळत असेल तर बाटलीतला काचेचा फिल्टर तुंबलाय आणि पंप हवा ओढतोय. फिल्टर 35 टक्के नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये तासभर (फ्यूम हूडमध्ये, ऑरगॅनिकचा अंश आधी पूर्ण धुऊन), मग भरपूर पाण्यात. अल्ट्रासोनिकमध्ये घालू नका, काचेचा चुरा सुटून पुढे जातो.

इन्स्टॉलेशनच्या वेळी बफर वरच्या चॅनलला जोडून दिला होता. मिक्सिंग व्हॉल्व्हमध्ये बफर खालच्या पोर्टला आणि ऑरगॅनिक वरच्या पोर्टला हवं. उलटं जोडलं तर साचलेले मिठाचे कण वजनाने खालच्या चॅनलच्या व्हॉल्व्हमध्ये उतरतात आणि ग्रेडियंट बिघडतो. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत आहे, आणि ती ओळ बहुधा इंजिनिअरनेही वाचलेली नसावी.

सील वॉश (सीलची मागची बाजू धुणारी सोय) इथे जादा पैसे मोजून घ्यावा लागतो. 20 मिलिमोलर बफरसाठी मी तो घेतला नाही आणि अजून पस्तावा नाही, कारण रोज संध्याकाळी 90:10 पाणी-मेथॅनॉलने अर्धा तास धुणं होतं, मग ऑरगॅनिक वाढवत 50:50 आणि त्यापुढे. निव्वळ पाणी वापरू नका: जंतू वाढतात आणि सी-18 (कॉलममधलं पाण्याला न जुमानणारं भरण) मध्ये पाणी नीट शिरत नाही. फॉस्फेट असताना एकदम 80 टक्के अ‍ॅसिटोनायट्रिलवर उडी तर मुळीच नको.  बफर 0.1 मोलर किंवा त्याहून जड असेल तर मात्र सील वॉश घ्याच, 10 टक्के आयसोप्रोपेनॉलसह, आणि त्याची बाटली कधी कोरडी पडू देऊ नका. प्लंजरवर ओरखडा पडला की नवा सीलही टिकत नाही.

डिटेक्टरबद्दल तक्रार नाही. ड्युटेरियम दिवा दोन हजार तासांच्या आसपास थकतो. जेवणाच्या सुट्टीत बंद करून वाचवायला जाऊ नका, प्रत्येक पेटवण्यात त्याचं आयुष्य झिजतं. ऑटोसॅम्पलरमध्ये कॅरीओव्हर (आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात) दिसला तर सुईची सीट आणि रोटर सील बघा, मग नीडल वॉशचं द्रावण बदला.

एएमसी पुन्हा केली, पण एक अट कागदावर घालून: कुठलाही सुटा भाग सुचवण्याआधी पर्ज उघडा ठेवून 5 मिलि/मिनिटला पाण्याचं प्रेशर किती होतं, तो आकडा सर्व्हिस रिपोर्टवर लिहायचा. आकडा नसेल तर कोटेशन परत.